पाचव्या दिवसाचा पिचर

मिलर्सफोर्ड, इंडियाना
८ फेब्रुवारी १९८६

प्रिय विनी,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. त्यावरचा हाफपँटवाला सांताक्लॉज मी दुकानात गल्ल्यामागे लावलाय, कारण इथे गुडघाभर बर्फ आहे आणि खिळे-मोळे घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना हसायला काहीतरी हवं.

बाकीच्या गप्पा नंतर, आधी मुद्द्याचं. सरावाचा तळ भरला की फेब्रुवारी संपायच्या आत दोघांनी आपापला अंदाज टपालात टाकायचा, हा आपला नियम बाबा होते तेव्हापासूनचा. लेकपोर्ट हेरन्स, म्हणजे बाबांच्या गावचे बेसबॉलवाले आणि आपल्या घरातले 'बगळे', पहिल्या सामन्यात कोणत्या क्रमाने फलंदाजीला येतील आणि पहिल्या पाच दिवसांचे, रोज एक असे, चेंडू टाकणारे पाच पिचर कोण असतील, ते सांगायचं. ज्याची नावं जास्त जुळतील तो जिंकला. हरलेल्याने जुलैतल्या घरच्या सहलीत सगळ्यांची भांडी घासायची. गेल्या वर्षी मी घासली, लिनेटने त्याचे फोटो काढले आणि नात्यागोत्यात वाटले. बापाची अशी शोभा करणारी मुलगी मी स्वतः वाढवली, तक्रार कुणाकडे करू? या वर्षी साबण मी आणतो, हात तुझे.

तर लिहून घे. पहिला पिट्स, कारण तो एकदा बेसवर पोचला की कुत्रं मागे लागल्यासारखा पळतो. दुसरा सील्स. तिसरा मोरो, संघातली सगळ्यात चांगली बॅट तिसरी, हे बाबांनी आपल्याला पाढ्यांच्या आधी शिकवलं. चौथा बुचर आणि पाचवा टिलटसन, तोच आपला चेंडू झेलणारा कॅचर; हे दोघे मारले तर तळ्यापलीकडे मारतात, नाहीतर नुसता वारा घालतात. सहावा डंकन, सातवा हॅगर्टी. आठवा तो नवा शॉर्टस्टॉप, ज्याचं नाव मला अजून नीट लिहिता येत नाही. नववा अर्थातच पिचर. पिचर बॅट कशी धरतात ते तुला माहीतच आहे.

पिचरांपैकी पहिले चार कुणी शेंबडं पोरही सांगेल, तेच गेल्या वर्षीचे. पाचवा केंडल. बावीस वर्षांचा आहे आणि त्याचा चेंडू दिसतच नाही म्हणतात, नुसता ऐकू येतो.

लाइल नाही. तू भुवया उंचावल्यास ते मला इथून दिसलं. आपला जावई म्हणून मी त्याला गाळलेला नाही, आणि जावई म्हणून घेणारही नाही. चौतीस वर्षांचा झाला, खांदा एकदा चिरून शिवलाय, आणि गेली तीन वर्षं न्यू मेक्सिकोत दुय्यम संघाबरोबर बसमधून हिंडतोय. त्याने स्वतःच लिनेटला शब्द दिलाय की या वसंतात बगळ्यांत जागा मिळाली नाही तर खेळ बंद. बायको-पोरांना घेऊन इथे यायचं आणि माझ्याबरोबर दुकान बघायचं. मी वरच्या दोन खोल्या रंगवून ठेवल्यात. पोरांची निळी. तुझी थेल्मावहिनी गेल्यापासून माझ्या डोक्यावर कुणी चाललेलं नाही, ती पावलं ऐकायला बरं वाटेल.

पण ते वेगळं. अंदाज डोक्याने करायचा असतो, मनाने नाही.

तुझा भाऊ,
क्लाइड


सँड लेक, फ्लोरिडा
१५ फेब्रुवारी

थोरले बंधुराज,

डोक्याने अंदाज करणाऱ्याचं डोकं सध्या कुठे आहे ते पत्रावरून कळलं. ते वरच्या मजल्यावर आहे आणि त्याला निळा रंग लागलाय.

फलंदाजीचा माझा क्रम तुझ्यासारखाच, दोन नावं सोडून. सील्स आणि हॅगर्टी यांची मी अदलाबदल केलीय. का, ते सांगते, कारण तुझी दया येते. आपला मॅनेजर सोरेल तळावर ज्याच्यावर सगळ्यात जास्त खेकसतो, त्याला तो दुसरा पाठवतो. तू बर्फात बसून वर्तमानपत्रं चाळतोस. मी घराच्या मागच्या दारात उभी राहिले की मैदानावरचं खेकसणं मला फुकट ऐकू येतं. काल दिवसभर 'हॅगर्टी! हॅगर्टी!' चाललं होतं. माझ्या मांजराने घाबरून पलंगाखालची जागा धरली.

आणि पाचवा पिचर: लाइल.

ओरडू नकोस. मी बघून आलेय. त्याचा वेगवान चेंडू गेला, ते खरं. पण पोराने तीन वर्षं बसमध्ये बसून नुसत्या माशा मारलेल्या नाहीत. तो आता चेंडू नखांच्या टोकांवर धरतो आणि ढकलल्यासारखा सोडतो. चेंडू जराही गिरकी घेत नाही. इतका हळू येतो की त्यावरची शिवण मोजावी, आणि बॅटजवळ आल्यावर त्याला आठवतं की आपल्याला दुसरीकडे जायचं होतं. बुचरने त्याच्यावर तीनदा बॅट फिरवली आणि तिसऱ्यांदा स्वतःच खाली बसला. सगळा तळ हसला. लाइल हसला नाही, टोपी ओढून परत जागेवर गेला. तुझा जावई गरीब आहे रे, क्लाइड. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण तुझ्या कुंडलीत हा ग्रह पार कोपरा धरून बसलाय, आणि तरी तू त्याला बाहेर काढायला निघालास.

घर भरलंय. यंदा माझ्याकडे भाड्याने राहणाऱ्या खेळाडूंत नेस्टर आहे, प्वेर्तो रिकोचा, बगळ्यांचा दुसरा कॅचर. टिलटसन दमला किंवा दुखावला तरच याला खेळायला मिळतं, म्हणून सगळी भूक माझ्या स्वयंपाकघरात भागवतो. सकाळी अंडी किती करू म्हणून विचारलं तर म्हणतो, "सेन्योरा, कोंबडी दमेपर्यंत."

विनी


मिलर्सफोर्ड
२२ फेब्रुवारी

प्रिय विनी,

तुझ्या पत्राला मी पहिल्यांदा हसलो आणि मग दुकान बंद करून पुन्हा वाचलं.

तो नकलबॉल आहे. तुला वाटतं मला तो ठाऊक नाही? सत्तेचाळीस साली पेपर मिलच्या संघात होबार्ट फिंच तोच टाकायचा आणि त्याला झेलायला मी बसायचो. माझी उजव्या हाताची दोन बोटं पाहिली आहेस ना, बटण लावताना नखरे करतात ती? ती होबार्टची भेट. पहिला महिनाभर माझ्या छातीवर, मांडीवर, घशावर निळे डाग होते. आईला वाटायचं मी दारूच्या गुत्त्यात मारामाऱ्या करतो.

म्हणूनच तुला सांगतो. हा चेंडू टाकणारा मिळतो, झेलणारा मिळत नाही. फलंदाजालाच कळत नाही तो कुठे जाणार, तर कॅचरला काय कळणार? तो मागे निसटला की बेसवरचे सगळे आरामात पुढे सरकतात, फटका न बसता धाव जाते. सोरेल असल्या पिचरला ठेवून घेणार नाही. टिलटसन तर मुळीच झेलणार नाही, त्याला आपल्या बोटांनी बॅट धरायची असते. माझा अंदाज कायम. केंडल.

लिनेटचं पत्र होतं. थोरली विचारते, आजोबांच्या दुकानात किल्ल्या बनवायचं यंत्र आहे का. आहे म्हणून कळवलं. धाकट्याला कुत्रा हवाय. त्यालाही हो म्हटलं.

क्लाइड


सँड लेक
४ मार्च

क्लाइड,

तुझं खरं ठरतंय आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही.

शनिवारी सरावाचा सामना झाला. लाइलने तीन डाव टाकले. एकालाही धड फटका मारता आला नाही. आणि तरी दोन धावा गेल्या, कारण टिलटसनच्या हातातून चेंडू निसटत होते. एक त्याच्या गुडघ्याला लागला, एक मागे बसलेल्या पंचाच्या पोटाला. टिलटसन तावातावाने मुखवटा फेकून सोरेलकडे गेला. म्हणाला, "हे झेलायला माणूस नको, जाळं लावा!" सोरेल आपला सूर्यफुलाच्या बिया चघळत बसला होता. पचकन टरफलं थुंकून म्हणाला, "पिचर चांगला आहे. पण ज्याचा चेंडू कुणाला झेलता येत नाही तो पिचर मला काय लोणच्याला घालायचाय?"

मग झेलायला नेस्टरला बसवलं. त्या बिचाऱ्याने जीव तोडून उड्या मारल्या. कोळी जाळं फेकतात तसा तो ग्लोव्ह फेकत होता, आणि चेंडू त्याच्या बगलेतून जात होता. रात्री माझ्याकडे जेवायला बसला तर फक्त चार अंडी खाल्ली. मी घाबरले.

आता ऐक. यांच्या सगळ्या शिकवणाऱ्यांत एकानेही आयुष्यात हा चेंडू झेललेला नाही. गावभर शोधतायत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, कारण झेललेला माणूस माझा सख्खा भाऊ आहे. त्या होबार्टचे चेंडू महिन्याभराने तुझ्या हातात राहायला लागले होते, मी स्वतः कुंपणावर बसून बघितलंय. तू काय करायचास? नेस्टरला सांगायचंय. मोठा ग्लोव्ह त्यांच्याकडे आहे, पण नुसत्या ग्लोव्हने होत नाही असं तो म्हणतो.

मार्चअखेर सोरेल नावं पक्की करणार आहे. लवकर लिही.

विनी


मिलर्सफोर्ड
११ मार्च

प्रिय विनी,

बर्फ वितळतोय आणि रस्त्यात नुसता राडा झालाय. दुकानात आता फावड्यांऐवजी बादल्या खपतात. शेजारच्या मिसेस ग्रेबलने तळघरातलं पाणी काढायला पंप नेला आणि तो उलटा लावून आणखी पाणी आत घेतलं. मी तिला काही बोललो नाही, थेल्माची मैत्रीण आहे.

सील्स आणि हॅगर्टीबद्दल तुझं म्हणणं खरं ठरेलसं दिसतं. पेपरात आलंय की हॅगर्टीला सोरेलने भर मैदानात 'चालता बोलता खांब' म्हटलं. म्हणजे दुसऱ्या नंबरावर तो नक्की. चला, तुला तेवढी दोन नावं बक्षीस.

पोरांच्या खोलीत फळ्या ठोकल्या, खेळणी ठेवायला. किल्ल्यांचं यंत्रही तेलपाणी करून ठेवलं.

तू होबार्टचं विचारलंस. फार जुनी गोष्ट झाली. आता काही आठवत नाही.

क्लाइड


सँड लेक
१७ मार्च

क्लाइड डर्स्ट,

तुला सत्तेचाळीस सालच्या प्रत्येक सामन्यात कोण कितवा खेळला ते आठवतं. बाबांनी त्या वर्षी कोणत्या रंगाची मोटार विकली ते आठवतं. आणि स्वतःचे हात काय करत होते ते आठवत नाही? उचलली जीभ लावली टाळ्याला! तुला सगळं आठवतंय आणि तू मूग गिळून बसलायस.

तुला तो कधी आवडलाच नाही. लग्नातही तू त्याच्याकडे, एखादं गिऱ्हाईक उधारी मागायला आल्यासारखं बघत होतास. तुझी एकुलती एक मुलगी पळवली ना त्याने! आता देवाने तुझ्या हातात त्याची मान दिली, आणि तू म्हणतोस, मला काही आठवत नाही.

काल तो जेवायला आला होता. जेवण झाल्यावर त्याने खिशातून काय काढलं माहीत आहे? तुझ्या दुकानाचं सामानाचं पुस्तक, चित्रांचं. लिनेटकडून मागवलंय. बसमध्ये वाचतो. मला म्हणाला, "विनीआत्या, जरा विचारा ना मला." मी एकेका चित्रावर बोट ठेवलं आणि तो सांगत गेला: हा लाकडाचा स्क्रू, हा पत्र्याचा, हा चुकीचा लावला तर लाकूड फाटतं. दोनदा चुकला, तर त्याचे कान लाल झाले. म्हणाला, "तिथे जाऊन त्यांची लाज जायला नको. त्यांनी पस्तीस वर्षं दुकान चालवलंय."

मी भांडी घासायच्या निमित्ताने उठले. मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

बाकी तुझं तू बघ.

विनिफ्रेड


मिलर्सफोर्ड
२१ मार्च, तातडीचं टपाल

विने,

तू मला पूर्ण नावाने हाक मारलीस तेव्हाच ओळखलं, आज काही खैर नाही. तू लिहिलंस त्यातलं एक खोटं आहे आणि बाकीचं खरं आहे.

खोटं हे की मला लाइल आवडत नाही. आवडतो. थेल्मा आजारी होती तेव्हा तो सामना सोडून लिनेटला घेऊन आला आणि संघाने त्याला त्याबद्दल दुसऱ्याच दिवशी खाली, दुय्यम संघात पाठवला. ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही. मला लिनेटने सांगितलं.

खरं हे की मला सगळं आठवतंय. मला लिनेट हवी आहे, विने. मला पोरं हवी आहेत. संध्याकाळी दुकान बंद करून जिना चढलो की वरती दिवा हवा आहे. तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, मी काही वाईट करत नाही, फक्त गप्प राहतोय. गप्प राहणं सोपं असतं. पण तो तिकडे माझ्यासाठी स्क्रू पाठ करतोय म्हटल्यावर मी वर जाऊन निळ्या खोलीत बसलो, आणि त्या खोलीत मला बसवेना. लाज वाटली. तो माझ्या दुकानात आला असता, मान खाली घालून खिळे मोजले असते, आणि दर वसंतात दाराबाहेर बघितलं असतं. मी तिला घरी आणलं असतं, पण तिच्या नवऱ्याचं काय आणलं असतं?

म्हणून आता नीट वाच आणि नेस्टरला वाचून दाखव.

पहिलं, चेंडूच्या मागे जायचं नाही. सगळे हेच चुकतात. चेंडू अर्ध्या वाटेत असतानाच ग्लोव्ह पुढे घालतात, आणि तेवढ्यात तो वळतो. पिचरला निशाण दाखवायला ग्लोव्ह वर धरायचा, पण त्याने चेंडू सोडला की हात खाली पडू द्यायचा, ढिला, झोप लागल्यासारखा. चेंडू पार अंगावर येऊ द्यायचा. इतका, की मनातून ओरडावंसं वाटेल. मग शेवटी ग्लोव्ह मध्ये यायचा. वळायचं ते चेंडूला आधी वळू दे, मग आपण.

दुसरं, नेहमीपेक्षा वीतभर मागे बसायचं. फार नाही, नाहीतर चेंडू पोचायच्या आधीच जमिनीवर आपटेल. उजवा हात पाठीमागे. माझा पुढे होता, त्याचं फळ मी दर सकाळी बटण लावताना भोगतो.

तिसरं तू हसशील. मला हे ग्लोव्हने जमलंच नाही. आईच्या तव्याने जमलं. तव्याने चेंडू पकडता येत नाही, झडप घालता येत नाही. हात ताठ असेल तर ठण्णकन आवाज होऊन चेंडू दहा फूट उडतो. हात ढिला सोडून जरा मागे घेतला तर चेंडू पायापाशी मुकाट पडतो. तो मुकाट पडेपर्यंत मी रोज संध्याकाळी होबार्टला अंगणात उभा करायचो. एकदा ते जमलं की ग्लोव्ह घालायचा, आणि हाताला आपोआप कळतं. आईला शेवटपर्यंत समजलं नाही की घरातल्या तव्यात मध्येच खड्डा कसा पडला. धिरडी एका बाजूला जाड व्हायची.

तुझा हलका तवा दे. चांगला देऊ नकोस.

हे मी सांगितलं म्हणून लाइलला कळवू नकोस.

क्लाइड


सँड लेक
३० मार्च

माझ्या राजा,

मी रागाने लिहिलेलं सगळं परत घेते, फक्त लग्नातलं सोडून. तसं तू बघत होतास, फोटो आहे.

तुझं पत्र आल्या आल्या मी नेस्टरला अंगणात नेला आणि हातात तवा दिला. तो तव्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "सेन्योरा, न्याहारी झाली." म्हटलं, "न्याहारी नाही, शाळा आहे." मुखवटा, छातीचं कवच, सगळं चढवून हातात तवा घेऊन गडी उकिडवा बसला. रस्त्याने जाणारे थांबायला लागले. मिसेस पॉवेलने तिच्या नवऱ्याला घरातून बोलावून आणलं. लाइल पलीकडच्या टोकाला उभा राहिला, त्याला मी एवढंच सांगितलं की हा माझ्या एका ओळखीच्याचा नुस्खा आहे. पहिल्या दिवशी नुसतं ठण्ण ठण्ण. मांजर पलंगाखालून कपाटात गेलं. नेस्टरच्या तोंडून जे स्पॅनिश निघत होतं ते मला कळलं नाही हे देवाचे उपकार.

चौथ्या दिवशी संध्याकाळी एक चेंडू पायापाशी मुकाट पडला.  मग आणखी एक. नेस्टर तवा वर धरून असा नाचला की मिसेस पॉवेलच्या नवऱ्याने टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी सामन्यात सोरेलने दोघांना एकत्र उतरवलं. चार डाव. फक्त एक चेंडू मागे निसटला. टिलटसन बाकावर बसून बघत होता आणि त्याच्याइतका खूश माणूस त्या दिवशी फ्लोरिडात नव्हता, त्याची बोटं वाचली. सामना संपल्यावर सोरेलने केंडलला आधी बोलावलं. मी कुंपणापाशीच होते. म्हणाला, "पोरा, वर्षभर खाली जाऊन ये. तुझ्याकडे वेळ आहे. याच्याकडे नाही." मग लाइलकडे वळून म्हणाला, "पाचवा दिवस तुझा. त्या दिवशी टिलटसन बाकावर बसेल, नेस्टर आठव्या नंबरावर खेळेल. त्याच्या बॅटने काही होत नाही, पण त्याच्या हातात चेंडू राहतो."

 लाइलने टोपी काढून पुन्हा घातली, आणि माझ्या घरी येऊन फोनपाशी गेला. लिनेटचं रडणं मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. चांगलं रडणं होतं, काळजी करू नकोस.

आता तू मला तुझं नाव सांगितल्याबद्दल शिव्या दे. त्याने विचारलं, "आत्या, तो ओळखीचा कोण?" मला खोटं बोलता येत नाही. घरात ते काम तुझ्याकडे आहे.

विनी


मिलर्सफोर्ड
१५ एप्रिल

प्रिय विनी,

कालच परत आलो. कंबर मोडलीय, लेकपोर्ट म्हणजे काही मागच्या गल्लीत नाही. तू जिंकलीस. क्रमही तुझा, पिचरही तुझे. हरण्याचा असा आनंद मला यापूर्वी कधी झाला नव्हता, तो तू भांड्यांच्या वेळी काढून घेशीलच.

रविवारचा सामना सांगतो. तळ्यावरून असा वारा येत होता की लोक गोधड्या पांघरून बसले होते. लिनेट माझ्या उजवीकडे, पोरं मांडीवर आलटून पालटून. लाइल मैदानावर आला तेव्हा लिनेटने माझ्या हाताला नखं लावली ती सामना संपेपर्यंत काढली नाहीत. आणि पहिलाच चेंडू नेस्टरच्या हातातून निसटून मागे गेला. थंडीत बोटं आखडली असतील. दुसरा चेंडू हळूच तरंगत आला आणि बाहेर गेला. माझ्या मागचा जाडा माणूस तोंडाला दोन्ही हात लावून ओरडला, "अरे, या म्हाताऱ्याला घरी पाठवा! घरी पाठवा रे!"

विने, दोन महिने मी मनात दुसरं काय म्हणत होतो? तेच. शब्दही तेच. आणि ते त्याच्या तोंडून ऐकलं तर माझा असा काही भडका उडाला की नात खाली घरंगळली. मी उठून मागे वळलो आणि ओरडलो, "तो माझा जावई आहे! तो कुठेही जाणार नाही!" तो माणूस म्हणाला, "बसा काका, दिसत नाही." लिनेट माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटतं, त्या क्षणी तिला सगळं समजलं, मी काय हवं म्हणत होतो ते आणि काय केलं ते. तिने मला खाली बसवलं, माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि मी सामन्याचा तो भाग नीट बघू शकलो नाही.

नंतरचं पेपरात वाचलंसच. सहा डाव, दोन धावा, आणि बगळे जिंकले. नेस्टरने दोनदा बॅट लावली आणि दोनदा तिथल्या तिथे बाद झाला. त्याच्या नावाने सगळ्यात जास्त मीच टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी दारापाशी लाइलची वाट बघत उभे होतो. तो ओले केस घेऊन आला, पोरांना उचललं, आणि माझ्यासमोर येऊन बुटांकडे बघत उभा राहिला. मी मनात म्हटलं, आता हा आभार मानणार. तो म्हणाला, "क्लाइडकाका, एक अडचण आहे. मोसम संपला की नेस्टर त्याच्या गावी जातो. चार महिने हा चेंडू टाकला नाही तर बोटं विसरतात. हिवाळाभर मला रोज कुणीतरी झेलणारा लागेल. हा चेंडू झेललेला माणूस सगळीकडे मिळत नाही." मग म्हणाला, "मिलर्सफोर्डमध्ये तुमच्या ओळखीचं कुणी आहे का? ऑक्टोबरपासून तळ उघडेपर्यंत. आम्ही सगळेच तिथे येऊन राहू."

लिनेट दुसरीकडे बघत होती. तिला आधीच माहीत होतं.

मी म्हटलं, "आहे एक. पण म्हातारा आहे, गुडघे गेलेत, आणि दिवसभर कटकट करतो."

"चालेल," लाइल म्हणाला. "मला त्याची सवय आहे."

आज सकाळपासून गिऱ्हाईक नसलं की मी गल्ल्यामागे उठाबशा काढतोय. मिसेस ग्रेबल पंप परत द्यायला आली तर मी दिसेचना, फक्त कण्हणं ऐकू येत होतं. ती गल्ल्यावरून वाकून म्हणाली, "क्लाइड, काय हरवलं? मी शोधू का?"

मी खालूनच म्हटलं, "काही नाही हो. सापडलंय."

तुझा भाऊ,
क्लाइड